मिलच्या भोंग्यावर नाच

गिरणगावातल्या आमच्या परदेशीपुऱ्यात माझी आणि माझ्या दोस्ताची डीजेची जोडी होती. मी कीबोर्ड वाजवायचो, तो टेप केलेल्या आवाजांना ठेका लावायचा. त्याला सतत राग. वायर तापली तरी शिवी, चहा गार झाला तरी शिवी. आम्ही दोघं कामाला होतो ती मिल बंद पडल्यापासून तर तो वरातीत नवरदेवावरसुद्धा खेकसायचा, "भिया, जरा दूर हटके नाचो!"

मिल बंद असली तरी अनंत चतुर्दशीला कामगार वर्गणी काढून तिची झाँकी, म्हणजे दिव्यांनी सजवलेला चित्ररथ, काढायचेच. त्या संध्याकाळी झाँकीपुढे आम्ही वाजवत होतो आणि युनियनचे नेताजी फेटा बांधून नाचत होते. मिल चालू ठेवायच्या शपथा आमच्यापुढे घेऊन मालकाशी गुपचूप तडजोड करणारे हेच.

मिलचं फाटक आलं तसा माझ्या दोस्ताने ठेक्यात मिलचा भोंगा सोडला. शेवटच्या पाळीला त्याने तो टेप करून ठेवला होता. म्हातारे कामगार नाचता नाचता थांबले, फाटकाकडे वळले. एकाचा हात तर डब्याची पिशवी शोधू लागला.

नेताजी हात उंचावून ओरडले, "वाह भिया, क्या धुन है! फिर से बजाओ!"

दोस्त दातओठ खात मला म्हणाला, "बघ. भोंगा पण ओळखत नाही हा साला."