लाल नको

या पानावर घाटात लिफ्ट मागणाऱ्या बाईचे, पिंपळावरच्या मुंज्याचे अनुभव येतात. मी ते जेवताना वाचते आणि खरं सांगू का, हसते. राग मानू नका. आमचं घर भोरातलं, बौद्ध. वडील शाळामास्तर. नवस, उतारा, अंगात येणं... घरात कशालाच थारा नव्हता. कुणी काही अचाट सांगितलं की वडील एकच विचारायचे, पुरावा काय? मी त्यांचीच मुलगी, त्यात तोंडाची फटकळ. आता मीच इथे लिहायला बसलेय म्हटल्यावर नवरा गालातल्या गालात हसतोय. हसू दे.

भोरमध्ये ख्रिस्ती सिस्टर लोकांची एक छोटी संस्था आहे. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. मी तिथे अकरा वर्षं काम करते. भोर-वेल्ह्यातल्या आजारी आणि अपंग मुलांच्या घरी जायचं, औषधं नीट चाललीत का बघायचं, हातापायांचे व्यायाम शिकवायचे आणि आईचं ऐकून घ्यायचं. हे शेवटचं काम सगळ्यात मोठं. लोकांना वाटतं, हे बाटवायला येतात. अहो, अकरा वर्षांत त्यांना मला बाटवता आलं नाही, बाकीच्यांचं काय घेऊन बसलात! आमच्या सिस्टर मूळच्या वसईच्या, वय साठीच्या पुढे, जीप स्वतः चालवतात. निघायच्या आधी बॉनेटला हात लावून प्रार्थना करतात. तेवढ्यात मी टपावरचे दोर आवळून घेते. आमचं छान जमतं.

आता खुर्च्यांचं सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. ज्या मुलाला मान धरता येत नाही, बसता येत नाही, त्याला आई आडवं घेऊन भरवते. घास श्वासनलिकेत जातो, छाती भरते, महिन्या-दोन महिन्यांनी दवाखाना. एखाद्या वेळी दवाखान्यातून मूल परत येत नाही. त्याला मापाची खुर्ची दिली, पाठ सरळ आणि मान किंचित पुढे राहिली, की घास नीट उतरतो. म्हणून मी घरी जाऊन मुलाला मांडीवर घेते, टेपने मापं घेते आणि चिठ्ठी लिहिते. चिठ्ठीवर मुलाचं नाव नसतं, फक्त आमच्या रजिस्टरचा नंबर. लोक पोर लपवून ठेवतात, नाव चारचौघांत गेलेलं त्यांना चालत नाही. ती चिठ्ठी मागच्या शेडमध्ये दत्तूमामा सुताराच्या खिळ्याला लावायची. मामा खुर्ची करतात आणि तिला लाल ऑइलपेंट देतात. सगळ्या खुर्च्या लालच. पोरांना लाल आवडतो, हे मामांचं ठाम मत.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी मी वरवे बुद्रुकला वेदिका नावाच्या पाच वर्षांच्या मुलीचं माप घेतलं. चिठ्ठी लिहिली, पर्समध्ये टाकली, आणि सणाच्या गडबडीत खिळ्याला लावायची विसरले. आठ दिवस. नवव्या दिवशी तिच्या वडिलांचा फोन आला. छाती भरली होती, संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, खुर्ची असती तरी काही सांगता आलं नसतं. सिस्टरही तेच म्हणाल्या. पण चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती ना? मी तिच्या मातीला जाऊन आले आणि पुढचा आठवडाभर घरात पडून होते. कामावर पाऊल टाकलं नाही. हे लक्षात ठेवा.

दसऱ्याच्या सुमारास शेडमध्ये गेले तर कोपऱ्यात एक पिवळी खुर्ची. झेंडूसारखी पिवळी. मी विचारलं, ही कुणाची? मामा म्हणाले, तुमचीच की. त्यांनी खिळ्यावरची चिठ्ठी काढून हातात दिली. त्यावर एवढंच होतं:

कंबर ते गुडघा १०॥. गुडघा ते टाच ९॥।. पाठ १४. डावीकडे उशी १।. लाल नको.

नंबर नाही, गाव नाही. पण अक्षर माझं. आणि ते साडे-पाऊण-सव्वाचे उभे दंड! वडिलांनी शिकवलेली ती जुनी पद्धत, सगळ्या ऑफिसात एकटी मीच तसं लिहिते. मामांनीही तेवढ्यावरच विश्वास ठेवला होता. नंबर घालायचा राहिला असेल, म्हणाले. चिठ्ठी कधी लागली विचारलं तर म्हणे, ती वरव्याची पोरगी गेली त्याच्या पुढच्या सोमवारी सकाळी शेड उघडली तेव्हा होती.

त्या सोमवारी मी घरी अंथरुणात होते.

रजिस्टर काढलं. एकेक मूल ताडून बघितलं. ही मापं कुणाचीच नाहीत. वेदिकाची? तिची चिठ्ठी माझ्या कपाटात होती, ती मापं वेगळी. सिस्टर अगदी मायेने म्हणाल्या, "संगीता, दुःखात माणूस काहीतरी लिहितं आणि विसरतं." मला त्याचाच जास्त राग आला. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बरं, मामांचं आठवड्याचं काम वाया गेलं, लाकूड गेलं, आणि ती पिवळी वस्तू रोज येता-जाता माझ्याकडे बघत बसलेली. शेवटी मीच तिच्यावर गोणपाट टाकलं.

दिवाळीनंतर आम्हाला गुंजवण्याला जायचं होतं. तिथे आमच्या यादीतल्या एका मुलीची खुर्ची द्यायची होती. ती पण गोणपाटात बांधलेली. सिस्टरनी सकाळी लवकर जीप भरून ठेवली, मी फक्त दोर आवळले. भाताची कापणी चाललेली, खळ्याखळ्यावर झोडणी. अकराच्या उन्हात त्या मुलीच्या अंगणात मी गोणपाट सोडलं, आणि आतून पिवळी निघाली.

माझं डोकंच फिरलं. चार लोकांत सिस्टरना बोलले. म्हटलं, प्रार्थनेपेक्षा एकदा डोळे उघडून बघत जा काय भरताय ते. त्या बिचाऱ्या ओशाळल्या. चूक सरळ होती, दोन गोणपाटं शेजारी शेजारी होती. मी दोर पुन्हा बांधायला लागले.

तेव्हा शेजारच्या खळ्यावरनं एक बाई आली. तिशीची असेल, डोक्याला फडकं, हातांना भाताचा तूस लागलेला. खुर्चीला हात न लावता ती नुसती उभी राहिली. मग हळूच विचारलं, "ही पिवळी कुणाची हाय?"

मी अजून रागातच होते. म्हटलं, कुणाचीच नाही. ती इकडे-तिकडे बघून म्हणाली, "मग आमच्या घरला येता का? सासूबाई खळ्यावर हायेत तवर."

तिचं नाव सुनंदा. घर वरच्या वस्तीत. आत पडद्यामागे गोधडीवर तिची मुलगी होती, गौरी, सहा वर्षांची, अंगावर मांस म्हणून नाही. जन्मल्यावर पुण्याच्या दवाखान्यात ठेवली होती, तिथून आणली ती गाव सोडून पुन्हा कुठे नेली नाही. आमच्याकडे आणायची सासूची तयारी नव्हती, सिस्टर लोक पोरीला बाटवतील म्हणून. सुनंदा सांगत होती आणि तिचा आवाज फुटत होता. "घास चुकतो वो तिचा. दोन डाव निळी पडली. आता मला भरवायचीच भीती वाटती. न्हाई भरवावं तर उपाशी, भरवावं तर जीव जातोय."

मला वेदिकाचं घर आठवलं. तिची आईही हेच बोलली होती, आणि मी चिठ्ठी लिहून पर्समध्ये टाकली होती.

मी टेप काढली. सवयीनं पोरीला मांडीवर घेतलं. कंबर ते गुडघा... साडेदहा. गुडघा ते टाच पावणेदहा. मी टेप पुन्हा लावून बघितली, तेवढंच. पाठ चौदा. मी सिस्टरकडे बघितलं, त्या पळत जाऊन खुर्ची घेऊन आल्या. गौरीचा डावा कुल्ला खाली झुकत होता. खुर्चीच्या डाव्या बाजूला सव्वा इंचाची उशी होतीच. पट्टा लावला. बोट जाईल एवढीसुद्धा फट राहिली नाही. आयुष्यात पहिल्यांदा पोरगी सरळ बसून समोर बघायला लागली.

सुनंदाने नाचणीची पेज आणली. मी अर्धा चमचा ओठाला लावला. उतरली. दुसरा चमचा उतरला. अर्धी वाटी गेली तरी ठसका नाही. सुनंदा जमिनीवर बसली आणि तोंडात पदर धरून रडली. मी पण रडले, त्यात लाज काय? दोन महिने छातीवर धोंडा होता, तो त्या वाटीबरोबर उतरला.

निघताना मला राहवलं नाही. विचारलं, सुनंदा, तू खुर्ची बघून का आलीस? बाकी कुणी नाही आलं.

ती म्हणाली, "तुमच्या खुर्च्या लाल असत्यात, म्या बघितल्यात. आमची पोरगी लाल बघितलं की किंचाळती, फीट येती. का ते कुणाला ठावं न्हाई. म्या लग्नाचा शालूबी माहेरी दिऊन टाकला. आज पिवळी बघितली, म्हटलं इचारावं."

परतीच्या वाटेवर मी ती मापं तोंडाने दोनदा म्हणून बघितली. मग म्हटलं, सिस्टर, हे काय होतं? मला वाटलं, आता देवाचं काहीतरी ऐकवणार. त्या गिअर बदलत म्हणाल्या, "मला विचारू नकोस, मी फक्त चुकीचं गोणपाट भरलं." सकाळच्या बोलण्याची माफी मी तिथेच मागून टाकली.

पुरावा, वडील म्हणाले असते. ती चिठ्ठी माझ्याकडे आहे. शाई आमच्या ऑफिसच्या पेनाची, अक्षर माझं. दुःखात मीच कधीतरी शेडमध्ये जाऊन ती लावली असेल, हे मी मान्य करते. नवरा म्हणतो की त्या आठवड्यात तू उंबरा ओलांडला नाहीस, पण तो दिवसा कामावर असतो. तेही सोडा. पण न पाहिलेल्या मुलीची मापं मी कुठून आणली? आणि लाल नको, हे मला कुणी सांगितलं? उत्तर खूप शोधलं, आता शोधणं सोडलंय. एक चिठ्ठी मी लिहिली होती, ती वेळेवर पोचली नाही. दुसरी लिहिल्याचं मला आठवत नाही, ती मात्र पोचली.

गेल्या महिन्यात गौरीला बघायला गेले होते. सासूबाईच भरवत होत्या, आणि मला बघून कुरकुरल्या की तुमची खुर्ची बघा, पट्टा लागत नाही, पोरगी मावत नाही आता. खरंच मावत नव्हती. पोटऱ्या भरल्या होत्या.

मी तिला मांडीवर घेऊन नवीन माप घेतलं. चिठ्ठीवर नंबर घातला, खाली लिहिलं, लाल नको. आणि पर्समध्ये न टाकता मुठीत धरून भोरला आणली, आणि घरी जायच्या आधी खिळ्याला लावली.