मलकपेठेतलं अंबाडीचं लोणी

“शुक्रवारी मी लग्न करतेय. तू बुधवारीच ये, लोणी काढायचंय.” सुजाताताईने फोनवर दोन्ही बातम्या एका दमात दिल्या. मी हसत सुटले आणि हसता हसताच नांदेडहून हैदराबादचं तिकीट काढलं.

ताई माझी आतेबहीण. वय एक्कावन्न, सरकारी कचेरीत नोकरी, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. नवरदेव वेंकटेशराव तिच्याच कचेरीतले, तेलुगू. सकाळी नोंदणी, संध्याकाळी घरी पन्नास पाहुण्यांना चहा, ताईने भाजलेले पाव आणि तीन चवींचं लोणी, असा बेत. अडचण एकच, तिची आई, म्हणजे माझी आत्या. आत्याने लग्नाला नाही म्हटलं नव्हतं, पण होणाऱ्या जावयाशी ती अजून एक शब्द बोलली नव्हती.

सकाळच्या गाडीने निघालात तर दुपारी काचीगुड्याला उतरता. तिथून ताईचं मलकपेठ जवळच. मी रिक्षाला शंभर दिले. तुम्ही ऐंशीवर अडून बसा.

गुरुवारी आम्ही चिक्कडपल्लीच्या डेअरीतून तीन लिटर क्रीम आणलं. कोपऱ्यावर इराणी चहा प्यायलो, मग दुसरा प्यायलो, आणि गप्पांत क्रीम उन्हात राहिलं. घरी मिक्सर फिरवतोय, फिरवतोय, लोणी काही सुटेना. ताईचा चेहरा उतरला. शेजारच्या खाला, म्हणजे मावशी, डोकावल्या.

“मलाई गरम हो गई ना. बरफ का पानी डालो, हौले चलाओ.”

बर्फाचं पाणी पडलं आणि दोन मिनिटांत पिवळे गोळे वर आले. आम्ही दोघी स्वयंपाकघरात अक्षरशः नाचलो. तुम्ही करणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: क्रीम गार हवं, आणि ताक पूर्ण निघेपर्यंत लोणी गार पाण्यात धुवायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी आंबतं.

एका वाटीत भाजलेला लसूण आणि कोथिंबीर, दुसरीत गूळ-वेलची. तिसरं ठरत नव्हतं. तेवढ्यात वेंकटेशराव गोंगुरा नावाच्या आंबट पाल्याच्या दोन जुड्या घेऊन आले. आत्या उठून आतल्या खोलीत गेली. ते दारातच थांबले, जुड्या माझ्या हातात दिल्या आणि चहा न घेता परतले. आम्ही पानं लाल मिरचीबरोबर तेलात परतली, अगदी कोरडी केली आणि पूर्ण गार झाल्यावरच लोण्यात कालवली.

शुक्रवारी सह्या झाल्या. संध्याकाळी घर भरलं, जयभीम आणि नमस्कारम् एकाच दारात होत होते. त्रिशरण-पंचशील म्हणून झालं आणि गरम पाव बाहेर आले. आत्या कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती. मी तिच्या ताटलीत तिन्ही लोणी ठेवली. लसणाचं तिने चाखलं, गुळाचं बाजूला सारलं. तिसऱ्याचा घास घेतला आणि थांबली.

“ही आपली अंबाडी आहे. कुणी आणली?”

मी वेंकटेशरावांकडे बोट दाखवलं. ते भांबावून उभे राहिले. “हमारे घर की है, अम्मा. हम गोंगुरा बोलते.”

“कशाबरोबर खाता?”

ताईने घाईघाईने तिचा प्रश्न तेलुगूत सांगितला.

“चावल के साथ, अम्मा. ऊपर से घी.”

आत्याने उरलेला पाव लोणी लावून पुढे केला. “ज्वारीच्या भाकरीबरोबर खाऊन बघा, जावईबापू. सुजा चांगली करते.”

‘जावईबापू’चा अर्थ त्यांना ठाऊक होता. पाव हातात घेऊन ते तिथेच जमिनीवर बसले. ताई तोंडाला पदर लावून आत पळाली. ती रडत असेल म्हणून मी मागे गेले, तर बाई ओट्याला टेकून हसत होती.

मी नांदेडला परतले. ना चारमिनार पाहिला, ना बिर्याणी खाल्ली. नवऱ्याने विचारलं, “मग तीन दिवस पाहिलंस तरी काय?”

“पन्नाशी उलटलेली नवरी लाजताना पाहिली,” मी म्हटलं, आणि पुन्हा हसत सुटले.