मला न सांगितलेला इलाज

यांची तेरवी झाल्यावर उरलेल्या गोळ्या द्यायला मी अमरावतीहून अकोल्याला डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं, "नळीच्या उपचाराला तुमचाच विरोध होता ना?" तो उपचार मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

डॉक्टरांनी खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं. यांचं हृदय थकलं होतं आणि वरून ठोके ताल सोडून पडत होते. अशा वेळी मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि ते ठोके जिथून उठतात त्या जागेभोवती जाळतात, म्हणजे ते पसरत नाहीत. नागपूरला होत होतं. खात्री कोणी देत नाही. पण धाप कमी झाली असती, कदाचित अजून काही वर्षं मिळाली असती. भासऱ्यांना, म्हणजे यांच्या थोरल्या भावाला, त्यांनी हे सगळं सांगितलं होतं; नकार माझा आहे असं भासऱ्यांनीच कळवलं होतं.

डॉक्टर बोलवत तेव्हा यांच्यासोबत भासरेच आत जात. मी बाहेर बाकावर पिशवी धरून बसे. कॉलेजचं ग्रंथालय मी सांभाळत होते, पण थोरल्या दिरासमोर बोलायची आमच्यात रीत नव्हती.

अमरावतीची बस सोडून मी भासऱ्यांच्या गावच्या, बाळापूरच्या बसमध्ये बसले. भासरे ओट्यावर होते. मी समोर बसले आणि विचारलं.

"तुले सांगतलं असतं त तू पुस्तकं काढून बसली असती," ते म्हणाले. "अन् त्याले नेलंच असतं."

त्यांच्या लहानपणी घरच्या आजारी बैलाला तापल्या विळ्याने डाग दिला होता. बैलाने वैरण सोडली आणि तो मेला. दोघा भावांनी ते पाहिलं होतं.

"बैलाच्या पाठीले देल्ला त तो मेला. याच्या त काळजाले देऊन राह्यले होते."

मी म्हटलं, हे कृषी विद्यापीठात होते. बोंडअळीवर बोलायला गावोगाव जात, आणि उठता उठता जनावरांना डाग देऊ नका म्हणून सांगत.

भासरे म्हणाले, "नोको मीच म्हनलो, खरं हाये. पन 'दादा, तिले सांगू नोको', हे त्यानंच म्हटलं."

त्या वर्षांत पेपर उघडला की शेतकऱ्यांच्या आत्महत्या असत. यांना ते सोसत नसे, म्हणून त्या बातम्या गाळून मी रोज संध्याकाळी पेपर वाचून दाखवी. हे चार उशांना टेकून ऐकत, मध्येच धाप लागली की हात वर करत. मी थांबे. तेवढ्या वेळात यांना मला सांगता आलं असतं.

आता मी एका उशीवर झोपते. तीन कपाटात आहेत. बाळापूरला मी जात नाही.