लाल गाडी की हिरवी

उन्हात तापलेल्या चामड्याचा वास आला की मला पन्नास-बावन्नच्या सुमाराचं कासारवाडीचं गॅरेज आठवतं. आमचे हे तिथे मिस्त्री होते आणि मागेच आमची खोली होती. एकदा तिथे विकायला बिनटपाच्या दोन बसक्या गाड्या आल्या, एक लाल, एक हिरवी. दुपारी हे जेवून लवंडले की मी गुपचूप लाल गाडीत जाऊन बसायची, स्टिअरिंग धरायची आणि मनातल्या मनात पार लोणावळा गाठायची. मग एक दिवस पुण्याच्या एक डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी दोन्ही गाड्या स्वतः चालवून पाहिल्या. वाऱ्यावर फडफडणारा त्यांचा पदर बघून माझा नुसता जळफळाट झाला. त्या घेतील त्या गाडीला हळदकुंकू लावायला मी ताट घेऊन उभीच होते. "वहिनी, तुम्हीच सांगा, कुठली घेऊ?" त्यांनी विचारलं. लाल तेवढी त्यांना मिळू नये म्हणून मी म्हटलं, "हिरवीच घ्या. लाल रंग दोन उन्हाळ्यांत उडतो बघा." त्यांना ते खरं वाटलं. मी हिरवीला कुंकू लावलं, तशी त्यांनी हसून शेजारचं दार उघडलं. "चला की, देहूरोडपर्यंत जाऊन येऊ." माझा पाय उचललाही होता, पण तोंडातून गेलं, "नको बाई, चुलीवर भात आहे." आठच दिवसांत लाल गाडीही कुणी व्यापारी घेऊन गेला. आता नात दारात गाडी उभी करून "आजी, येतेस?" म्हणते, आणि चपला शोधता शोधता मी मनातल्या मनात त्या बाईंना सांगते, की त्या दिवशी मी चूल पेटवलीसुद्धा नव्हती.