न उकळलेला पाचोळा

तिला सगळे बेडूककाकूच म्हणायचे. नवरा तर म्हणायचा, "घरी एक बेडूक असताना हिला कामावरही बेडूकच लागतात!" काकूचं काम होतं नखाएवढ्या पिवळ्या बेडकांना सांभाळायचं. त्यांचं मूळ घर म्हणजे दरीतल्या ओढ्याकाठचा ओला पाचोळा. तिथे कातडीला लागणाऱ्या बुरशीने सगळे मेले. उरलेसुरले प्राणिसंग्रहालयातल्या या खोलीत, काचेच्या टाक्यांमध्ये. म्हणून नियम कडक होता: दरीतलं काहीही उकळल्याशिवाय आत आणायचं नाही.

पण बेडूक अंडी घालीनात. काकूचा जीव खालीवर व्हायला लागला. उकळून काढलेल्या पाचोळ्याला ओढ्याचा वास कुठून येणार? माहेरची चव माहेरच्या पाण्यालाच. शिवाय दरीत आता बेडूकच नाहीत, तर रोग राहील कशावर? असं स्वतःलाच पटवून, कुठली अवदसा आठवली कोण जाणे, तिने पिशवीभर पाचोळा आणला आणि तसाच एका टाकीत पसरला. संध्याकाळी त्या टाकीतला नर मादीला साद घालत चक्क ओरडला. काकू हरखून गेली.

मग एका सकाळी त्याच टाकीत मादी पाय फाकवून बसलेली दिसली. अंगाची साल सुटत होती, शिवलं तरी हलेना. घरी जाऊन काकूने नवऱ्याला सगळं सांगितलं.

"तोंड उघडू नकोस," नवरा म्हणाला. "बेडूक काय, मरतातच. नोकरी जाईल."

खरंच होतं ते. नोकरीची भीती होतीच, पण गप्प बसल्यावर काय होईल याची भीती त्याहून मोठी. हे इथले संपले, की जगात कुठेच नाहीत. ती उठली आणि थेट प्राण्यांच्या डॉक्टरबाईंपुढे जाऊन उभी राहिली. सगळं सांगितलं, रडत रडत.

बाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"फक्त त्या एका टाकीत टाकलात ना, काकू? मग ती वेगळी काढू. बाकीचे वाचतील," त्या म्हणाल्या. "हातमोजे तर तुम्ही प्रत्येक टाकीला बदलताच."

काकू आपल्या हातांकडे बघत राहिली. नर ओरडला त्या संध्याकाळी आनंदाच्या भरात ती तशीच पुढच्या टाकीकडे वळली होती. मग त्याच्या पुढच्या. शेवटच्या टाकीपर्यंत.

"नाही बदलले, बाई," ती म्हणाली.