मांजराआधीची वाटी

मांजर पाळायला असा किती विचार लागतो? मांजर आलं, दूध घातलं, झालं. हे आपलं माझं मत. पण आमच्या शेजारच्या आशाबाईंनी २००३ च्या पावसाळ्यात या एका गोष्टीपायी पंधरा दिवस माझं डोकं उठवलं होतं.

आशाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. वय बावन्न, एकट्या. सिडकोत त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एकच. सकाळची एसटी पकडून चांदवडला शाळेवर जायचं, संध्याकाळी सातला परत. नऊ वर्षं हे अप-डाऊन चाललेलं. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही.

त्या वर्षी आमच्या माळ्यावर एक मांजर व्याली. मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं म्हणतात. ही बया तीन पिल्लं घेऊन गेली आणि चौथं, करडं, आमच्या गळ्यात टाकून गेली. सासूबाईंनी फर्मान काढलं, "पंधरा दिवसांत कुणी नेलं नाही तर नदीपलीकडे सोडून यायचं." मी आशाबाईंना म्हटलं, "तुम्ही न्या की. तेवढीच सोबत."

"विचार करते," म्हणाल्या, आणि तिथून सुरू झालं. माझी पोळी तव्यावर असायची आणि बाई दारात. "उज्वला, निवडणुकीच्या ड्यूटीवर गेले तर?" परत जायच्या, पाच मिनिटांत दुसरी शंका. "बदली आली तर?" "मीच आजारी पडले तर?" एकदा तर सकाळी बसला निघालेल्या कोपऱ्यावरून परत आल्या. "अगं, ते जास्तीत जास्त किती वर्षं जगतं?" कप्पाळ माझं! मुलगी द्यायची असती तरी एवढी चौकशी झाली नसती.

मग त्यांनी वाटी सुरू केली. मांजर अजून माझ्याच घरात, पण बाई आपल्या ओट्याखाली रोज सकाळी आणि संध्याकाळी सातला वाटीभर दूध ठेवायला लागल्या. का, तर आपल्याला जमतं का बघायचं. तासाभरानं त्याच दुधाचा चहा करून मला पाजायच्या. मी हसून हसून बेजार.

तेराव्या दिवशी एसटी वाटेत बंद पडली. बाई नऊला आल्या, छत्री असून चिंब. घरी न जाता सरळ माझ्या स्वयंपाकघरात. "चुकलं बघ," म्हणाल्या. "दोन तास उपाशी राहिलं असतं." आणि रडायलाच लागल्या.

माझं डोकंच फिरलं. "कोण उपाशी राहिलं असतं? आहे कुठं मांजर? नसेल जमत तर नाही म्हणा, परवा सोडून येते मी त्याला. पण हा जाच पुरे!"

त्यांनी छत्री कोपऱ्यात टेकवली. मग उभ्याउभ्याच त्यांनी सांगितलं.

नव्वद सालापासून चार वर्षं त्या सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर होत्या. शाळेमागच्या खोलीत त्यांचं एक मांजर होतं. बदलीची ऑर्डर आली तेव्हा मांजर न्यायला टोपली घेतली, तर सगळे म्हणाले, नेऊ नका, कुत्रा माणसाचा आणि मांजर घराचं, ते परक्या जागी टिकत नाही. शेजारची भागीबाई म्हणाली, "तू जा बाई. आमी हाव ना, घालू त्याला." नवे गुरुजीही येणारच होते. बाईंना पटलं. त्या चांदवडला हजर झाल्या.

"माघ महिन्यात सर्व्हिस बुकाच्या कामाला गेले," आशाबाई म्हणाल्या. "नवे गुरुजी आलेच नव्हते. भागीबाईनं दिवाळीपर्यंत घातलं, मग ती द्राक्षबागांच्या कामाला निघून गेली. सगळा पाडा रिकामा. माझ्या खोलीचं दार खालच्या बाजूला बाहेरून ओरबाडून ओरबाडून पांढरं झालेलं. मांजर कुठंच नाही." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "भागीबाईचा काय दोष गं? पोटासाठीच गेली ती. पण दिवाळीनंतर पाडा ओस पडतो हे मला ठाऊक नव्हतं का? चारही वर्षं हजेरीपटावर लाल शाईनं मीच लिहायचे, स्थलांतरित, स्थलांतरित."

 इतके दिवस त्यांची टिंगल केली त्याची लाज वाटली. माझ्या ओट्याखालच्या टोपलीत ते करडं पिल्लू झोपलेलं होतं. बाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"उज्वला, मी कधी नसले तर तू घालशील याला?"

मी तोंड उघडलं, तर त्यांनी माझा हात घट्ट धरला. "पटकन हो म्हणू नकोस. तिथंही सगळ्यांनी पटकनच म्हटलं होतं."

आता आली का पंचाईत! पंधरा दिवस अक्कल शिकवणारी मी. माझं मे महिन्यात मनमाडला माहेरी जाणं डोळ्यांपुढे आलं. सासूबाईंची कटकट आली. यांची बदलीची नोकरी आली.  मांजर एवढंसं, आणि होय म्हणायला जीभ रेटेना.

"बाई," मी म्हणाले, "मला उद्यापर्यंत वेळ द्या. खरंच विचार करून सांगते."

त्यांनी माझा हात सोडला आणि त्या टोपलीकडे वळल्या.

"मग दे इकडे," आशाबाई म्हणाल्या. "आजच नेते."