बाप जिवंत असताना चकोट

नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं डोकं पांढरं पण दाट, आणि माझं ऐन लग्नाच्या वयात ओसाड. शिरपूरला मुलगी बघायला गेलो, तर तिच्या आजीने माझ्याकडे बोट करून नानांना विचारलं, "हाऊ तुमना धाकला भाऊ का?" सगळे हसले. मीही हसलो, दुसरं करणार काय! मग निरोप आला, मुलगा चांगला आहे, पण मोठा दिसतो. मुलगा चांगला आहे हे लोक नकार देतानाच का म्हणतात कोण जाणे.

वय लपावं म्हणून मी आधी मिशी काढली. मग धुळ्याच्या एका दवाखान्यात हेअर ट्रान्सप्लांट ठरवलं, मागचे केस काढून पुढे लावायचे. नानांना सांगितलं नाही. छातीत भरून येतं म्हणून ते सुरतला बहिणीकडे, तिथल्या डॉक्टरांना दाखवायला गेले होते. दवाखान्यातल्या बाईने फोनवर सांगितलं, केस बारीक करून या. म्हटलं, बारीक कशाला, साफच करू. भडगावच्या स्टँडजवळ वस्तऱ्याने चकोट केला आणि गावात येऊन उतरलो.

बाप जिवंत असताना डोकं-मिशी दोन्ही साफ करत नाहीत, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मला त्या दिवशी केसांपुढे काही दिसतच नव्हतं. शेजारच्या अक्कांनी ओट्यावरून मला पाहिलं आणि गळाच काढला. "नाना कवय गयात रे भाऊ? आमले कळनं बी नही!" मी त्यांना समजावतोय तोवर कुणीतरी गावाच्या ग्रुपवर नानांचा हार घातलेला फोटो टाकूनही दिला. खाली हात जोडणाऱ्यांची रांग लागली.

तो फोटो नानांनी सुरतेत स्वतःच्या मोबाइलवर पाहिला. लगेच फोन आला.

"मी मरसू तवय काय भादरशी रे?" एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, इतकं साफ केल्यावर काढू काय? केस वाढले की या. म्हणजे बापाला जिवंतपणी मारलं ते फुकटच. मला स्वतःची चीड आली, आणि त्या आजीचीही.

नाना परतले. सुरतच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते त्यांनी मला सांगितलं नाही. केस वाढल्यावर त्यांच्यासमोरच मी दवाखान्याला फोन लावला. आता लपवण्यासारखं काय उरलं होतं? स्पीकरवर बाई म्हणाली, "एकदा केस लावले की वर्षभर डोक्याला वस्तरा लागता कामा नये. चालेल ना?"

मी वळून पाहिलं. नाना छाती चोळत पलंगावर बसले होते.

"सांग तिले," ते म्हणाले, "मी वरीसभर मरत नही."